छोट्या गावातली उचलेगिरी: वाढलीय हे मोजायचं कसं आणि रोखायची कशी? (चर्चामंच; प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव)

हिशेबी

वीस-पंचवीस हजार वस्तीचं गाव, एकच बाजाररस्ता, त्यावर तीस-चाळीस दुकानं. बहुतेक ठिकाणी मालक आणि एक-दोन कामगार, वेगळा रखवालदार कुठेच नाही. अशा ठिकाणी ‘हल्ली उचलेगिरी फार वाढलीय’ अशी बोलवा उठते, व्यापारी मंडळाची बैठक होते आणि ठराव एकच होतो: कॅमेरे लावा. सहा महिन्यांनी पुन्हा तीच बैठक, तीच तक्रार.

माहीतगारांकडून तीन गोष्टी हव्यात. चोरी खरंच वाढली की नुसतीच चर्चा, हे आकड्यांत कसं तपासायचं? रखवालदार न ठेवता दुकानाच्या आत काय बदलावं? आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर संशयितांचे फोटो टाकणं सुरू झालंय, ते चालू द्यावं का? ‘सावध राहा’ छापाचे सल्ले नकोत. मापं आणि पायऱ्या सांगा.

मोजपट्टी

पहिल्या प्रश्नाचं सांगतो.

दुकानदार ज्याला चोरी म्हणतो ती आधी नुसती ‘तूट’ असते, म्हणजे वहीत असलेला पण फळीवर नसलेला माल. त्यात चोरी किती, हे वेगळं शोधावं लागतं. अमेरिकेतल्या नॅशनल रिटेल फेडरेशनच्या पाहणीत २०२२ या आर्थिक वर्षाची सरासरी तूट विक्रीच्या १.६ टक्के निघाली. त्या तुटीत बाहेरच्यांची चोरी सुमारे ३६ टक्के, कर्मचाऱ्यांची २९ टक्के आणि नोंदी-प्रक्रियेतल्या चुका २७ टक्के. हे आकडे मोठ्या दुकानांचे आहेत, छोट्या दुकानाला तसेच्या तसे चिकटवू नका. पण गुमान गायब झालेल्या मालातला निम्म्याहून जास्त गिऱ्हाइकाच्या पिशवीतून गेलेला नसतो, एवढं त्यातून घ्या. आणि याच संस्थेला, तुटीचा जवळजवळ अर्धा भाग संघटित टोळ्यांचा असतो हे आपलं विधान डिसेंबर २०२३ मध्ये मागे घ्यावं लागलं होतं. तेव्हा बैठकीतल्या ‘दुप्पट झाली’ला किती वजन द्यायचं ते ठरवा.

मोजायची रीत अशी. सगळं दुकान मोजू नका, चार दिवसांत कंटाळा येतो. वीस वस्तू निवडा: दहा ज्या जातात असा संशय आहे, दहा ज्या कोणी चोरणार नाही. दुसऱ्या दहा का, ते पुढे येईल. प्रत्येक वस्तूला सुरुवातीचा साठा अधिक आवक, वजा विक्री, वजा खराब आणि परत पाठवलेला माल. हे झालं ‘असायला हवं’. उदाहरणार्थ ५०० + १२०० − १०९० − १५ = ५९५. मोजल्यावर ५७७ भरले, तर तूट १८ नग, विकलेल्या नगांच्या सुमारे १.६५ टक्के.

आता त्या १८ नगांची चौकशी. पुढच्या गोष्टी वगळल्याशिवाय चोरी म्हणू नका:

एक, शेजारच्या वस्तूत तेवढीच वाढ दिसते का? एकाच कंपनीच्या दोन वासांच्या साबणांपैकी एकाची १२ तूट आणि दुसऱ्याची १२ वाढ असेल, तर बिल करणाऱ्याने एकच पाकीट पुन्हा पुन्हा स्कॅन केलंय. 
दोन, खोका आणि नग यांची गल्लत. आवक ‘१० खोके’ म्हणून चढवली, खोक्यात २४ ऐवजी २० नग आले, की ४० नग कागदावरच जन्मले. तूट ४०, ८०, १२० अशा पटीत येत असेल तर जवळजवळ नक्की हेच. 
तीन, पुरवठादाराकडूनच कमी माल. खोके न उघडता सही करण्याची सवय असेल तर इथेच थांबा आणि आधी ती मोडा.

चोरी न होणाऱ्या दहा वस्तूंतही तेवढीच तूट दिसली, तर दोष नोंदीत आहे. म्हणून त्या दहा वस्तू. तूट ठरावीक वस्तूंतच आणि सुट्या नगांत दिसली तर उचलेगिरीकडे वळा. मग त्याच वस्तू दिवसातून तीनदा मोजा: उघडताना, दुपारी, बंद करताना. तीन आठवड्यांत वेळ कळते. बंद झाल्यापासून दुसऱ्या दिवशी उघडेपर्यंत माल कमी होत असेल, तर गिऱ्हाइकाचा प्रश्नच येत नाही.

आता ‘वाढली का?’ छोट्या गावात आकडे छोटे, आणि छोटे आकडे नाचतात. ढोबळ नियम असा: महिन्याची सरासरी ज्या संख्येची, तिच्या वर्गमुळाच्या दुपटीइतका चढउतार आपोआप होत असतो. सरासरी ९ घटना असतील तर ३ ते १५ पर्यंत काहीही झालं तरी ते नेहमीचंच. ४ वरून ८ वर जाणं कानाला ‘दुप्पट’ वाटतं, पण एका महिन्याच्या अशा फरकावरून काहीच ठरत नाही. सलग तीन-चार महिने वरच राहिलं तर बोला. शिवाय ग्रुप सुरू झाला किंवा कॅमेरे लागले की नोंदी वाढतातच; आधी दिसत नव्हत्या त्या दिसू लागतात. नोंद करण्याची पद्धत कोणत्या तारखेला बदलली ते वहीत लिहून ठेवा, आणि तिच्या अलीकडचे-पलीकडचे आकडे एकमेकांशी ताडू नका.

फळीवाला

वरचं मोजमाप झालं की दिसेल की चोरी दुकानभर पसरलेली नसते. पाच-सात वस्तूंत आणि दोन-तीन कोपऱ्यांत एकवटलेली असते. रोनाल्ड क्लार्क या अभ्यासकाने १९९९ मध्ये अशा वस्तूंची सहा लक्षणं मांडली: लपवता येणारी, सहज काढून नेता येणारी, हाताशी असणारी, मोलाची, हवीहवीशी आणि पुढे खपवता येणारी. दाढीची पाती, सौंदर्यप्रसाधनं, बॅटऱ्या, मेमरी कार्ड, तान्ह्या बाळाची दूध पावडर या सहांत बसतात. यातलं शेवटचं लक्षण लोक विसरतात. एखादी वस्तू अचानक मोठ्या संख्येने जाऊ लागली, तर ती आसपास कुठेतरी विकली जात असते.

दुकानाच्या आत बदल करायचे ते या क्रमाने:

मधल्या फळ्यांची उंची १.४ मीटरच्या आत आणा. काउंटरवर उभ्या माणसाला पलीकडच्याचं डोकं आणि खांदे दिसले पाहिजेत. फळी कापता येत नसेल तर काउंटरची जमीन १५ सेंटिमीटर उचला, परिणाम तोच. भिंतीलगतच्या फळ्या उंच राहिल्या तरी चालतात.

काउंटरवरच्या माणसाचं तोंड दुकानाकडे हवं. भिंतीकडे तोंड करून बिल करणारा माणूस असेल तर बाकी काहीही लावा, आंधळं दळतंय नि कुत्रं पीठ खातंय.

जाणाऱ्या वस्तू दारापासून आणि आंधळ्या कोपऱ्यापासून हलवा, काउंटरपासून तीन-चार मीटरच्या टप्प्यात आणा. कुलूपबंद कपाट हा शेवटचा उपाय; विक्री हमखास घसरते, कारण मागायचा कंटाळा प्रामाणिक गिऱ्हाइकालाही येतो.

फळीवर माल कमी ठेवा. एका हुकवर २० ऐवजी ६ पाकिटं, सगळी पुढे ओढून, रांग नीट. यात दोन गोष्टी साधतात: एका झपाट्यात हात फिरवून वीस नेता येत नाहीत, आणि रांगेतली फट लांबूनही दिसते. महाग वस्तूचं रिकामं खोकं फळीवर आणि माल काउंटरमागे, हाही साधा आणि टिकाऊ उपाय.

बहिर्गोल आरसा लावणार असाल तर मापाने लावा: ६० सेंटिमीटर व्यासाचा आरसा साधारण ७ मीटरपर्यंत कामाचा, त्यापुढे नुसते ठिपके. आणि आरसा दोन्हीकडून चालतो. तुमचा माणूस मोबाइलमध्ये डोकं घालून बसलाय, हे चोरालाही त्यातच दिसतं.

कपड्यांच्या दुकानात ट्रायल रूमच्या दाराशी अंकांचे बिल्ले: आत तीन कपडे, तर ३ चा बिल्ला. बाहेर येताना मोजून परत. रिकामे हँगर ट्रायल रूममध्ये किंवा फळीमागे सापडले तर त्या दिवशीची तारीख-वेळ लिहा.

सगळ्यात स्वस्त उपाय मात्र तोंडाने करायचा असतो. आत आलेल्या प्रत्येकाकडे, अगदी प्रत्येकाकडे, पहिल्या अर्ध्या मिनिटात बघून ‘या, काही लागलं तर सांगा’ म्हणायचं. गिऱ्हाइकाला तो पाहुणचार वाटतो, उचल्याला ‘आपण दिसलो’ हे कळतं. निवडक लोकांनाच म्हणाल तर तो अपमान होतो, आणि निवडलेली माणसं बहुधा चुकीचीच असतात. जोडीने येणाऱ्यांची रीतही कामगाराला शिकवा: एक जण काउंटरवर लांबलचक चौकशी करतो, दुसरा आत फिरतो. काउंटरवर गडबड झाली की दुसऱ्या कामगाराने काउंटरकडे धावायचं नसतं, आत फिरायचं असतं.

अठ्ठावन्न किलोहर्ट्झ

वस्तूवरचा टॅग तसाच बाहेर निघाला की वाजणाऱ्या दारातल्या गेटांबद्दल आणि कॅमेऱ्यांबद्दल, कारण सगळ्यात जास्त पैसे इथेच वाया जातात.

गेट मुख्यतः दोन जातींचे मिळतात: ५८ किलोहर्ट्झचे चुंबकीय-ध्वनी तंत्राचे आणि ८.२ मेगाहर्ट्झचे रेडिओ तंत्राचे. एकाचा टॅग दुसऱ्या गेटला दिसत नाही. मंडळाने मिळून टॅग घेतले आणि दुकानांत दोन जातींचे गेट असले तर निम्मे टॅग म्हणजे नुसते स्टिकर. रेडिओ लेबल धातूच्या डब्यावर किंवा चकाकत्या फॉइलच्या पाकिटावर चालत नाही. ५८ किलोहर्ट्झच्या फुगीर पट्टीत पातळ धातूची पात आत थरथरत असते. पट्टी वाकवून किंवा दाबून चिकटवली की ती थरथर बंद, टॅग मेला. बाटलीच्या गोलाईवर आडवी चिकटवलेली पट्टी अशीच मरते. उभी लावा.

गेटजवळ धातूची फळी, शटरची चौकट, स्वस्तातला एलईडी ड्रायव्हर किंवा चार्जर असेल तर खोटा गजर होतो. किमान एक मीटर मोकळं ठेवा. खोटा गजर हाच खरा शत्रू: दिवसात पाच वेळा उगाच वाजलं की सहाव्या वेळी कोणी मान वर करत नाही. बिल करताना टॅग निष्क्रिय करायला विसरणं हे याचं सगळ्यात नेहमीचं कारण. आठवडाभर प्रत्येक गजराचं कारण लिहा, उत्तर कागदावरच मिळेल. फॉइलचं अस्तर लावलेली पिशवी दोन्ही जातींना चकवते, त्यामुळे गेट म्हणजे तटबंदी समजू नका.

कॅमेरा घेताना ‘किती मेगापिक्सेल’ विचारू नका, ‘एका मीटरला किती पिक्सेल’ विचारा. आयईसी ६२६७६-४ या आंतरराष्ट्रीय मानकाच्या २०१४ च्या आवृत्तीनुसार अनोळखी माणूस ओळखता यावा यासाठी दर मीटरला २५० पिक्सेल लागतात, ओळखीचा माणूस कळायला १२५. १९२० पिक्सेल रुंदीचा कॅमेरा २५० च्या हिशेबाने जेमतेम ७.७ मीटर रुंदीचं दृश्य धरतो. छताच्या कोपऱ्यातून अख्खं दुकान दाखवणाऱ्या कॅमेऱ्यात म्हणूनच टोपी आणि टक्कल दिसतं, चेहरा नाही. चेहऱ्यासाठी एक कॅमेरा वेगळा: दाराकडे तोंड, उंची २ ते २.२ मीटर, दाराची रुंदी चौकटीत भरून. बाहेरच्या उजेडात चेहरा काळा पडू नये म्हणून डब्ल्यूडीआर (उजेड आणि सावली दोन्ही सांभाळणारी सोय) असलेलाच घ्या.

साठवणीचं गणित कोणी करत नाही. ४ मेगाबिट प्रति सेकंदाने एक कॅमेरा दिवसाला सुमारे ४३ जीबी लिहितो. सहा कॅमेरे, तीस दिवस: जवळपास ७.८ टीबी. २ टीबीची डिस्क असेल तर आठवड्याभराचंच चित्रण उरतं, आणि मालाची तूट लक्षात येते महिन्याच्या शेवटी! एकतर मोजणी आठवड्याला करा किंवा डिस्क मोठी घ्या.

घड्याळ. रेकॉर्डरची वेळ मिनिटा-मिनिटाने सरकत जाते. इंटरनेटवरून वेळ जुळवणं चालू ठेवा. नसेल जमत तर चित्रण काढताना रेकॉर्डरची वेळ आणि खरी वेळ दोन्ही लिहा. पडद्याचं मोबाइलने केलेलं शूटिंग हा पुरावा नव्हे. मूळ फाइल काढा, दोन प्रती ठेवा, कोणी कधी काढली ते लिहा.

सरळसोट

एवढं सगळं करण्यापेक्षा दारावर फोटो लावा, खाली ‘चोर’ लिहा. गाव छोटं आहे, लाजेनेच सुधारतात. ग्रुपवरचे फोटोही चालू ठेवा.

उंबरठा

सरळसोट, तुमच्या उपायाने चोर सोडून संन्याशाला फाशी व्हायचीच शक्यता जास्त. वर पिक्सेलचा हिशेब दिलाय तो बघा: बहुतेक दुकानांचं चित्रण ओळख पटण्याइतकं स्पष्ट नसतंच. त्यावरून नाव जोडलं जातं ते अंदाजाने, आणि छोट्या गावात जोडलेलं नाव काढता येत नाही. माणूस निर्दोष निघाला तर बदनामीचा दावा दुकानदारावर येऊ शकतो. फोटो अल्पवयीन मुलाचा असेल तर भानगड आणखी वाढते. दुसरी बाजूही आहे. ज्याचं नाव एकदा भिंतीवर लागलं, त्याला लाजेचं भय उरत नाही. तेव्हा हिशेबी, तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर: फोटो बंद, ग्रुप चालू.

ग्रुपचे नियम एवढे पुरेत. संदेशात माणूस नको, कृती हवी: ‘४.१० ला दोघे आले, एकाने मोठ्या नोटेचे सुटे मागत गुंतवलं, दुसरा पात्यांच्या फळीशी, तीन पाकिटं कमी.’ जात, वस्ती, आडनाव यांचा उल्लेख आला तर संदेश लगेच काढायचा. फोटो आणि चित्रण ग्रुपवर नाही, थेट पोलिसांकडे. ठरावीक काळाने संदेश आपोआप पुसले जातील अशी सोय. आणि समांतर एक वही, ज्यात प्रत्येक दुकान सात रकाने भरेल: तारीख, वेळ, वस्तू, नग, दुकानातली जागा, रीत, त्या वेळी आत कामगार किती. शेवटचा रकाना गाळू नका. अनेकदा सगळा उलगडा त्यातच होतो, जेवणाच्या सुट्टीत एकटा माणूस उरतो तेव्हाच माल जातो.

छोट्या गावात उलटाही घोळ असतो: उचलणारा ओळखीचा, नात्यातला, म्हणून नोंदच होत नाही. वहीत नाव लिहायचं नसल्यामुळे ही अडचण बरीच सुटते.

आता समोर घडताना दिसलं तर. सुरक्षेच्या व्यवसायात अडवण्याआधी सहा गोष्टी पाहायची शिस्त आहे: माणूस वस्तूजवळ गेला, त्याने ती उचलली, लपवली, मधल्या काळात तो एक क्षणही नजरेआड झाला नाही, पैसे न देता काउंटर ओलांडला, आणि दाराबाहेर निघाला. मधली साखळी तुटली, म्हणजे तुम्ही क्षणभर गिऱ्हाइकाकडे वळलात, की सोडून द्या; तेवढ्यात त्याने वस्तू परत ठेवलेली असू शकते. पिशवीत टाकणं एवढ्यावरून अडवू नका, टोपली न घेता खरेदी करणारे पुष्कळ असतात.

सहाही जुळल्या तरी पहिलं वाक्य आरोपाचं नको. ‘त्या वस्तूचं बिल करायचं राहिलं वाटतं, इकडे या.’ बहुतेक जण तिथेच पैसे देतात किंवा वस्तू टाकून जातात, आणि तुम्हाला तेवढंच हवं असतं. अंगाला हात नाही, झडती नाही, दार अडवणं नाही, रस्त्यावर पाठलाग तर मुळीच नाही. मारहाण आणि चाकू या गोष्टी दाराबाहेर घडतात, फळीपाशी नाही. सामान्य माणसाला कोणाला किती वेळ थांबवून ठेवता येतं हे प्रत्येक ठिकाणच्या कायद्यानुसार बदलतं. ते पोलीस ठाण्यात विचारून एका कागदावर लिहून काउंटरमागे चिकटवा.

माणूस गेल्यावर लगेच, आपसांत बोलण्याआधी, प्रत्येकाने वेगवेगळं लिहायचं. बोलून लिहिलं की सगळ्यांच्या आठवणी एकसारख्या होतात आणि चुकाही. उंचीसाठी दाराच्या चौकटीवर आतून १५०, १६०, १७०, १८० सेंटिमीटरच्या रंगीत खुणा करा. बाहेर जाताना डोकं कुठे लागलं ते बघायचं, बस्स.

हिशेबी

फार उपयोगी. दोन शंका राहिल्या. एका दुकानाने बंदोबस्त केला की चोर शेजारी जाणार, असं मंडळात म्हणतात. आणि शाळकरी मुलं किंवा विसरभोळी वृद्ध माणसं असतील तर?

मोजपट्टी

चोरी शेजारी सरकतेच, असं नाही. ग्युरेट आणि बॉवर्स यांनी २००९ मध्ये जागेनुसार केलेल्या बंदोबस्ताचे १०२ अभ्यास तपासले. गुन्हा दुसरीकडे सरकल्याचं सुमारे २६ टक्के निरीक्षणांत दिसलं, आणि जवळपास तेवढ्याच, २७ टक्के निरीक्षणांत उलट शेजारच्यांनाही फायदा झाला. तुमच्याकडे काय होतंय ते वहीच सांगेल: बंदोबस्त केलेल्या दुकानाशेजारची दोन आणि लांबची दोन, अशा चार दुकानांच्या त्याच वस्तू आधी आणि नंतर आठ-आठ आठवडे मोजा.

उंबरठा

नग बघा. दूध पावडरचा एक डबा गेला तर बहुधा गरज आहे, एकदम आठ गेले तर धंदा आहे. दोन्हींना एकच उपाय लावू नका. आठ डब्यांसाठी पोलीस, आणि जुना-सुटा माल घेणाऱ्यांना बॅच नंबर कळवणं. एका डब्यासाठी गावात कोणती मदत मिळू शकते त्याची माहिती.

शाळकरी मुलांची वेळ ठरलेली असते, शाळा सुटल्यावरचा पाऊण तास. त्या वेळेपुरता एक माणूस गल्ल्यावरून उठून फळ्यांमध्ये उभा करा. पहिल्यांदा सापडलेल्या मुलाला घरच्यांसोबत बोलवायचं, वस्तू परत किंवा पैसे, विषय संपला. ग्रुपवर एक अक्षर नाही. सगळ्या दुकानांचा नियम एकच असू द्या, नाहीतर कुठे सोडतात ते मुलांना दोन दिवसांत कळतं.

वृद्धांच्या बाबतीत घरच्यांशी आधीच बोलून खातं ठेवा. नेलेली वस्तू लिहायची, महिन्याला हिशेब. स्मृतिभ्रंश असलेला माणूस बहुधा लपवत नाही, हातात धरून सरळ चालू लागतो. त्याला दारात मोठ्याने हटकलं तर तो घाबरतो आणि कधी अंगावरही येतो. मागून आवाज न देता समोरून या, नावाने हाक मारा, आणि वस्तू त्याच्याच हातात राहू द्या.